बळी बाळूंचे, कर्णधारपद कोणाचे?

१

६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसची शर्यत धावला, तेव्हा चौसाळ्याच्या स्टँडजवळच्या एका चहाच्या हॉटेलात आम्ही आठदहा जण एका मोबाईलभोवती दाटीने उभे होतो. साबळे आमच्याच बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातील मांडव्याचा. घर शेतकऱ्याचे, आईवडील वीटभट्टीवर राबलेले. मुलगा बारावीनंतर लष्करात गेला आणि ५ महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. त्या दिवशी त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतले. केनियाचा अब्राहम किबिवोत त्याच्यापुढे होता तो फक्त ०.०५ सेकंदांनी. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच्या धावपटूंनी नेली होती. ती रांग बीडच्या एका पोराने मोडली.

हॉटेलात एकच गिल्ला झाला. मालकाने चहाचे पैसे घेतले नाहीत. त्या आनंदात कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बघा सर, खेळात जात-बीत काय नसती. पळंल त्याचं पदक."

मी मान हलवली. त्या क्षणी ते खरेच वाटत होते. परंतु घरी येताना ते वाक्य मनात सलू लागले. पळेल त्याचे पदक हे खरे, कारण तेथे निकाल देणारे घड्याळ असते. घड्याळाला आडनाव विचारता येत नाही. पण सगळे खेळ घड्याळावर चालत नाहीत. अकरा जणांचा संघ निवडावा लागतो, त्यातला एक कर्णधार करावा लागतो, आणि हे काम घड्याळ करीत नाही. ते काम बंद खोलीत बसलेली माणसे करतात. मैदानावरची कामगिरी हजारो लोक पाहतात. निर्णय मात्र कोणी पाहत नाही. क्रीडारसिक म्हणवणारे आपण कामगिरीवर तासन्‌तास बोलतो, आकडे तोंडपाठ म्हणतो. निर्णयाकडे मात्र 'ते राजकारण आहे' असे म्हणून पाठ फिरवतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा पाठ फिरवण्याचा आहे. त्यासाठी पालवणकर बाळू यांच्याकडे जावे लागेल.

२

पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. घराणे मूळ कोकणातल्या पालवणचे, बाळूंचा जन्म धारवाडचा, वाढ पुण्यातली. पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे आणि रोलर फिरवणे हे त्यांचे पहिले काम. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तेथे चार रुपये मिळू लागले. तेथे जे. जी. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज सरावासाठी त्यांना तासन्‌तास गोलंदाजी करायला लावी. डाव्या हाताची संथ फिरकी बाळूंनी तेथे घडवली. ग्रेगला बाद केले की दर वेळी आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा आणि राजेरजवाड्यांचा प्रांत होता.

येथे थोडे थांबले पाहिजे. गोलंदाजी हे श्रमाचे काम. ऊन खात, घाम गाळत दिवसभर टाकत राहायचे. फलंदाजी म्हणजे शैली, नजाकत, कला. क्रिकेटवर लिहिणाऱ्यांनी सौंदर्याची सगळी विशेषणे फलंदाजावर उधळली आहेत. श्रमाला सौंदर्य नाही आणि सौंदर्याला श्रम नाही, ही जी वाटणी आपल्या समाजाने हजारो वर्षे केली, तीच नेटमध्येही उतरली. ज्याने जोडा शिवायचा त्याने तो घालून मिरवायचे नाही. ज्याने चेंडू टाकायचा त्याने बॅट धरायची नाही. दलित साहित्याने श्रमाचे सौंदर्य मांडले तेव्हा त्याला प्रचारकी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी बाळूंच्या चेंडूकडे एकदा पाहावे. हवेत तरंगत येऊन टप्प्यावर वळणारा तो चेंडू हजारो तासांच्या मजुरीतून जन्मला होता.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांशी सामना द्यायचा होता. जिंकायचे तर बाळू पाहिजेत, हे उघड होते. घ्यावे की न घ्यावे याची चर्चा झाली आणि अखेर घेतले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांच्या हातून आलेला चेंडू झेलू लागले. चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यात येई. जेवण वेगळ्या टेबलावर, वेगळ्या ताटात. तोंड धुवायचे झाले तर अस्पृश्य नोकर मैदानाच्या कोपऱ्यात पाणी घेऊन येई. पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके होते असे आपण वाचतो. जिमखान्याच्या पुण्यात ते हातात आले, एवढाच काय तो फरक.

चेंडू बाटत नाही आणि कप बाटतो, हे कसे? शास्त्रात याचे उत्तर सापडणार नाही. ते गरजेत आहे. चेंडू घेतल्याशिवाय साहेब बाद होत नव्हता. आमच्या मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात हेच शास्त्र चालत आले आहे. मेलेले ढोर ओढायला, सांगावा घेऊन जायला, खळ्यावर राबायला हात चालत, त्याच हाताने आडाचे पाणी चालत नसे.

३

१८९६ मध्ये प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस आले. पुढे रेल्वेच्या नोकरीत आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या सामन्यात हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. बाळूंचे बळी आठ. त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. बंगालच्या फाळणीने देश तापलेला असताना गोऱ्यांचा हा पराभव केवढा गाजला असेल याची कल्पना करावी. सुधारकांच्या पत्रांनी अस्पृश्य बंधूंना संघात घेतल्याबद्दल हिंदू समाजाचे कौतुक केले. पाहा, कौतुक घेणाऱ्यांचे झाले!

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. महाराज मोजकेच सामने खेळले. ते वर्ष पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाचे, महाराजांना इतर बरीच कामे होती. संघ बरेचसे सामने हरला. त्या हरणाऱ्या संघात बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ बळी. त्यांची प्रथम दर्जाच्या सामन्यांतील एकूण कामगिरी ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१.

कोणी मला विचारले की हिंदुस्थानी खेळाडूची परदेशातली सर्वांत संस्मरणीय कामगिरी कोणती, तर मी १९११ चा हा उन्हाळा सांगेन. याहून मोठे विक्रम पुढे झाले. पण परका देश, अनोळखी खेळपट्ट्या, पस्तिशीचे वय, दुबळा संघ, आणि बहुधा मैदानाबाहेर असलेला कर्णधार, इतक्या गोष्टी विरुद्ध असताना रोज उठून चेंडू हातात घेणे, याला तोड नाही. कर्णधारपदाची त्या वेळची व्याख्याही या दौऱ्यात दिसते. जो खेळत नव्हता तो कर्णधार होता, जो राबत होता तो गोलंदाज होता. चौसाळ्याच्या परिसरातून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. कोयता एकाचा असतो आणि मुकादमकी दुसऱ्याची असते. माझे आईवडील त्या टोळीत होते, म्हणून मला हे पुस्तकात शोधावे लागले नाही.

रामचंद्र गुहा यांनी 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' या २००२ च्या ग्रंथात लिहिले आहे की, या दौऱ्यानंतर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला आणि त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी सादर केले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

४

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. १९१० नंतर जवळजवळ दर वर्षी हिंदू संघाचा कर्णधार बाळूंना करावे अशी मागणी होत राहिली आणि दर वर्षी ती डावलली गेली. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी, हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता, असे जाहीरपणे म्हटले. पै सवर्ण होते, आणि प्रामाणिक होते. पण कर्णधारपद त्यांनी स्वीकारले. मनाचा मोठेपणा आणि व्यवस्थेचा लाभ हे दोन्ही एकाच माणसापाशी गुण्यागोविंदाने नांदू शकतात, याचा हा नमुना आहे.

१९२० साल आले. त्या वर्षी ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघाला, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. त्याच वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत पै आजारी म्हणून पहिल्या सामन्यासाठी नवा कर्णधार नेमायचा होता. निवड समितीने पुण्याचे दि. ब. देवधर यांना कर्णधार केले आणि बाळूंना संघातूनच वगळले. देवधर थोर फलंदाज होते, त्याबद्दल वाद नाही. वाद असा की, त्यांच्याहून ज्येष्ठ असलेल्या माणसाचा दावा पुढे येऊ नये म्हणून त्या माणसालाच बाजूला काढले गेले, असे दिसते. यावर बाळूंचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी सामन्यातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू निवेदन काढून लोकांसमोर मांडली.

माझ्या मते पालवणकर बंधूंच्या संपूर्ण क्रीडाजीवनातील सर्वांत संस्मरणीय कामगिरी हीच. तिची नोंद धावफलकात नाही. न खेळण्याची नोंद धावफलकात होत नसते. पण ज्यांच्या पोटापाण्याचा आणि नावलौकिकाचा एकमेव आधार खेळ होता, त्यांनी 'तुमच्या अटींवर खेळणार नाही' असे म्हणणे हा नकार होता. नकार हा शब्द आपण दलित कवितेच्या चर्चेत फार वापरतो. त्याची एक पूर्वज-खूण मुंबईच्या क्रिकेटमध्ये आहे, हे आपल्या समीक्षेने कधी लक्षात घेतले?

त्या नकाराचा परिणाम झाला. अंतिम सामन्याला पै परतले, बाळूंना परत बोलावून उपकर्णधार केले गेले, बंधूही परतले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. पंचवीस वर्षांच्या श्रमानंतर एवढे मिळाले. पुढे १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. सवर्ण चाहत्यांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेतले. आठ आण्यांच्या गोलंदाजीपासून या खांद्यापर्यंत तीस वर्षे गेली होती. थोरल्या भावाचा हक्क धाकट्याला मिळाला. थोरला तसाच राहिला.

५

या कथेचे आपल्या कलांनी काय केले? २००१ साली आलेला 'लगान' हा आशुतोष गोवारीकर यांचा चित्रपट आमच्या पिढीने शाळकरी वयात पाहिला. त्यात कचरा नावाचा अस्पृश्य गोलंदाज आहे. चित्रपटाचा काळ १८९३ चा. नेमक्या त्याच सुमारास पुण्यात बाळू ग्रेगला गोलंदाजी करीत होते. चित्रपटकर्त्यांना हा योगायोग ठाऊक होता की नाही, हा प्रश्न गौण आहे. कचरा आणि बाळू यांतला फरक पाहावा. कचऱ्याचा हात अधू आहे आणि त्या अधूपणामुळे चेंडू आपोआप वळतो. म्हणजे त्याची कला ही कला नाही, अपघात आहे. तो शिकत नाही, घडत नाही, सापडतो. गाव त्याला विरोध करते तेव्हा तो बोलत नाही. त्याच्या वतीने नायक भुवन भाषण करतो. कचरा बळी घेतो, सामना भुवन जिंकतो.

मला तो चित्रपट पहिल्यांदा पाहताना अतिशय आवडला होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. आमच्या वस्तीतली सगळी पोरे कचऱ्याच्या बळींवर नाचली होती. पण बाळू वाचल्यावर कळले की पडद्यावर आपल्याला काय दिले आणि काय काढून घेतले. घाम काढून घेतला, वाणी काढून घेतली आणि कर्णधारपदाची मागणी तर मुळातच येऊ दिली नाही. अस्पृश्याला संघात घेणाऱ्याचे औदार्य हा त्या कथेचा विषय आहे. म्हणजे १९०६ च्या पत्रांचीच भूमिका जवळजवळ शंभर वर्षांनी रंगीत होऊन आली.

आणि वाणी नव्हती असे कुठे आहे? विठ्ठल पालवणकर यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. 'बलुतं' आले १९७८ मध्ये. तीस वर्षे आधी एका अस्पृश्य कुटुंबातील माणूस आपल्या जीवनाबद्दल मराठीत पुस्तक लिहितो आणि दलित आत्मकथनांच्या आपल्या चर्चेत त्याचे नाव क्वचितच निघते. खेळाडूचे पुस्तक म्हटले की ते खेळाच्या कपाटात जाते आणि साहित्याच्या प्राध्यापकाचे काम संपते. हा दोष एकट्या प्रस्थापितांचा नाही, आपलाही आहे. एम.ए.ला प्रबंधाचे विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी या पुस्तकाकडे वळावे.

६

येथे एक अडचणीची गोष्ट टाळून चालणार नाही. बाळू १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांपैकी एक होते, आणि १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या विरोधात काँग्रेसतर्फे उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्यांचे मानपत्र वाचले त्यांच्याशीच लढावे लागले. आपल्या चळवळीत बाळूंचे नाव मागे पडले त्याचे हे एक कारण असावे.

मला या निवडणुकीत आणखी एक संघनिवड दिसते. बाबासाहेबांसमोर उभा करायला लोकांच्या मनात मानाची जागा असलेला अस्पृश्य माणूस हवा होता. तो मिळाला. म्हणजे बलाढ्य फलंदाजाला बाद करायचे असले की चेंडू पुन्हा बाळूंच्या हाती दिला गेला. डाव कोणाचा होता? बाळूंना स्वतःचे मत नव्हते असे मी म्हणत नाही. ते स्वाभिमानी गृहस्थ होते आणि त्यांनी आपला मार्ग विचाराने निवडला असेल. त्या मार्गाशी माझे मतभेद आहेत. परंतु मतभेदापायी त्यांची १९११ ची आणि त्यांच्या बंधूंची १९२० ची कामगिरी पुसून टाकणे म्हणजे निवड समितीने केले तेच आपण करणे होय. बाळू ४ जुलै १९५५ रोजी वारले. त्यांना आपल्या इतिहासाच्या संघात घ्यावे आणि त्यांच्यावर टीकाही करावी. दोन्ही एकाच वेळी करता आले पाहिजे.

याच न्यायाने एक पथ्यही पाळावे लागेल. अशी चर्चा निघाली की कोणीतरी विनोद कांबळीचे नाव काढतो. १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत २२४ आणि २२७ धावा, १७ कसोटींत ५४.२० ची सरासरी, आणि तेविसाव्या वर्षी कसोटी कारकीर्द संपली. हे आकडे खरे आहेत आणि अस्वस्थ करणारे आहेत. पण त्यामागे जात होती असे ठामपणे म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. आखूड चेंडूंपुढची अडचण, शिस्त, अशी इतर कारणेही सांगितली गेली आहेत. १९२० चा दावा आपण करू शकतो, कारण तेथे डावललेल्यांचे स्वतःचे निवेदन आहे. जेथे कागद नाही तेथे प्रश्न विचारावा, निकाल देऊ नये. संशयाला पुराव्याच्या जागी बसवले तर आपला खरा पुरावाही लोक संशयातच मोजतील.

७

शेवटी माझ्याच घरातली गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे हा लेख लिहिला गेला.

मी ज्या महाविद्यालयात काही वर्षे शिकवले, तेथे क्रिकेट संघाच्या निवड समितीवर एकदा माझी नेमणूक झाली. अकरा पोरे निवडायला अर्धा तासही लागला नाही. कर्णधारासाठी दोन नावे होती. एक वस्तीतला पोरगा, तिसऱ्या वर्षाला, त्या हंगामात संघातला सर्वांत भरवशाचा गोलंदाज. मैदान मोकळे असले की नव्या पोरांना तोच शिकवी. दुसरा बरा फलंदाज, बोलायला चुणचुणीत, घरचा बरा. समितीतील एक गृहस्थ म्हणाले, "पोरगा चांगला आहे हो, पण नेतृत्वगुण नाहीत. चारचौघांत बोलत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

जातीचा शब्द कोणी उच्चारला नाही. कोणाच्या मनात होता असेही मी म्हणत नाही. माझ्या मनात तर नव्हताच. पण 'नेतृत्वगुण' म्हणजे आम्ही काय मोजले? चारचौघांत बोलणे. आणि ज्याच्या बापाला चारचौघांत बसायला जागा नव्हती, त्या पोराला ते कोठून येणार? मीसुद्धा बी.ए. होईपर्यंत वर्गात तोंड उघडले नव्हते. माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर, दलित साहित्य शिकवणारा प्राध्यापक, आणि बाळूंना डावलणाऱ्या समितीत मी आपणहून जाऊन बसलो होतो. तो पोरगा त्या वर्षीही मुकाट्याने गोलंदाजी करीत राहिला. त्याने नकार दिला नाही, म्हणून आम्हाला कोणी जाबही विचारला नाही.

तेव्हापासून हॉटेलातल्या त्या वाक्याला माझे उत्तर तयार आहे. खेळात जात नसते हे घड्याळापुरते खरे आहे. साबळेची धाव ज्याने डोळ्यांनी पाहिली तो ते नाकारणार नाही. पण जेथे माणसे माणसांना निवडतात, तेथे जात 'अनुभव', 'स्वभाव', 'व्यक्तिमत्त्व', 'नेतृत्वगुण' असे नवे कपडे घालून येते आणि आपल्याच शेजारी खुर्ची घेऊन बसते. १९२० ची समिती निदान ओळखू येत होती. आजच्या समितीत आपणही असतो, म्हणून ती ओळखणे अवघड झाले आहे.

जयंतीच्या निमित्ताने आपल्या गावोगावी क्रिकेटचे सामने होतात. चषकांना नावे दिली जातात. एखाद्या चषकाला बाळूंचे, एखाद्याला विठ्ठल यांचे नाव द्यावे, हे मी सुचवीन. पण तेवढ्याने भागणार नाही. शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी संघनिवडीची कारणे कागदावर लिहून ती फलकावर लावावीत. कारण लिहावे लागले असते, तर त्या दिवशी आम्हाला 'चारचौघांत बोलत नाही' हे वाक्य लिहिताना हात आवरावा लागला असता. आणि विद्यार्थ्यांनी सामना संपल्यावर फक्त धावा आणि बळी विचारू नयेत. कर्णधार कोणी निवडला, आणि ज्याला निवडले नाही त्याला काय कारण सांगितले, हेही विचारावे.